शकुंतला खरंच इंग्रजांची होती का?

"आजही भारत सरकार शकुंतला रेल्वेसाठी ब्रिटनला भाडं भरतं" हा संदेश दर १५ ऑगस्टला हमखास फिरतो. खरं काय? यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही १९० किलोमीटरची नॅरोगेज मुंबईच्या किलिक निक्सन या कंपनीने १९१०मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. किलिक निक्सन तेव्हा इंग्रजांची, पुढे मात्र भारतीय मालकीची झाली. रेल्वेशी झालेल्या करारानुसार उत्पन्नातला हिस्सा जायचा तो या खासगी कंपनीला, ब्रिटिश सरकारला नव्हे! गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) चालवायची, १९५१नंतर मध्य रेल्वे. गैरसमज टिकला, त्यात इंजिनाचाही हात असावा: १९२१चं मँचेस्टरचं वाफेचं धूड १९९४पर्यंत धावत होतं. मालकी खासगी राहिली, हे मात्र खरं.