पार्श्वभूमी : स्किझोफ्रेनियाची औषधं आणि ‘नव्या पिढी’चा घोळ

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकांनी झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोड औषधाला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता दिली. बातमी इथे पोचली तसा मुंबईतल्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांच्या, बैठकांत एक प्रश्न फिरू लागला : याने वजन वाढतं का? भास थांबतात का, हे लोक नंतर विचारतात. ज्या घरात पंधरा-वीस वर्षं गोळ्या चालू आहेत तिथे प्रश्नांचा क्रम असाच का लागतो, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन पहिल्यांदा मनोरुग्णांना दिलं गेलं, ही कथा बहुतेकांच्या वाचनात असते. आपल्याकडची बाजू कमी सांगितली जाते. सर्पगंधेचं मूळ ‘वेडावर’ देण्याची रीत या देशात जुनीच. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या दोन वैद्यकतज्ज्ञांनी ते उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडल्याचं नोंदवलं. १९४९ मध्ये मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि बाहेरच्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५४ पर्यंत न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात त्याचा वापर सुरू झाला. ते फार टिकलं नाही. रक्तदाब घसरायचा, काहीजण उदासीत जायचे, काहींचे हात कंपवातासारखे थरथरायचे. पण १९५७ मध्ये स्वीडनच्या प्रयोगशाळेत रेसर्पिनने दगडासारखे निश्चल झालेले ससे एल-डोपाचं (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं त्या द्रव्याचं) इंजेक्शन देताच पुन्हा हिंडू लागले, आणि मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे मज्जापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या या रसायनाचं, काम पहिल्यांदा उघड झालं. त्या संशोधनाला २००० साली नोबेल मिळालं. मेंदूत डोपामिनचा अतिरेक झाला की हा आजार उफाळतो, असं सांगणाऱ्या आणि स्किझोफ्रेनियाच्या संशोधनावर पुढची साठ वर्षं राज्य करणाऱ्या सिद्धान्ताला औषधाच्या त्रासातून असा मोठा धागा मिळाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्रासाकडे तेव्हाच्या डॉक्टरांनी कसं पाहिलं, ते आज वाचवत नाही. १९५५ मध्ये या औषधांना ‘न्यूरोलेप्टिक’ असं नाव मिळालं. अर्थ साधारण असा की, मज्जासंस्थेला धरून ठेवणारं. अंग आखडणं, चेहरा निर्विकार होणं ही औषध ‘लागू पडल्याची’ खूण मानली जाई. एका जर्मन तज्ज्ञाने तर रुग्णाचं हस्ताक्षर बारीक होऊ लागलं की डोस पुरेसा झाला, अशी कसोटी सुचवली होती. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं, ते याच समजुतीत बसणारं होतं. आपल्याकडे सेरेनेसची, म्हणजे हॅलोपेरिडॉलचीच, गोळी आणि तिच्या जोडीला पॅसिटेन हे समीकरण कित्येक घरांना तोंडपाठ आहे : एक गोळी आजारासाठी, दुसरी पहिलीने आलेल्या ताठरपणासाठी. पुढे डेपो इंजेक्शनं आली, औषध अंगात हळूहळू सोडणारी, पंधरा दिवसांतून एक. त्यामुळे ‘ठाण्याला ठेवलंय’ असं ज्यांच्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं, त्यांतले काहीजण घरी राहू शकले. ही या औषधांची मोठी देणगी, आणि ती नाकारण्याचा हेतू इथे अजिबात नाही.

मात्र घरी आलेला माणूस एका जागी बसू शकत नव्हता. चाळीच्या गॅलरीत तासन् तास येरझारा घालायचा आणि घरचे म्हणायचे, आजार पुन्हा उफाळला. पुष्कळदा ती औषधाने आलेली आतली तगमग असे. इंग्रजी पुस्तकांत तिला अकाथिसिया म्हणतात, मराठीत धड शब्दही नाही. मग डोस वाढवला जाई आणि येरझारा आणखी वाढत.

क्लोझापिन पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. हे औषध दिलेले उंदीर आखडत नव्हते, म्हणून प्रचलित समजुतीप्रमाणे त्यात दम नसावा असं काहींना वाटलं. रुग्णांना मात्र गुण येत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात विक्रीला आलं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक कोसळल्या, त्यात आठजण दगावले. बऱ्याच ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं. ते परत आलं १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. इतर औषधांनी हात टेकलेल्या २६८ रुग्णांत क्लोझापिनने ३० टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्क्यांना. पुढच्या वर्षी तिथे परवानगी मिळाली ती एका अटीवर : दर आठवड्याला रक्त तपासायचं, अहवाल आल्याशिवाय गोळी द्यायची नाही. ही अट योग्यच होती. पण विरार किंवा बदलापूरहून दर आठवड्याला रक्त द्यायला येणं म्हणजे सोबत येणाऱ्याची रोजंदारी बुडणं, हेही तितकंच खरं. सुरक्षेसाठी घातलेल्या या अटीने, सगळ्यात गुणकारी औषध सगळ्यात शेवटी देण्याची सवयही जगभर लावली. २०२५ मध्ये अमेरिकेने तपासणीचे अहवाल नोंदवण्याची ती सक्तीची पद्धत काढून टाकली. तपासणी करायचीच, पण अहवालावाचून दुकानात गोळी अडणार नाही.

आता ‘अ‍ॅटिपिकल’ या शब्दाकडे. आपल्याकडे त्याचं ‘नव्या पिढीची औषधं’ असं झालं आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मुळात या विशेषणाचा अर्थ मर्यादित होता : अंग आखडवल्याशिवाय काम करणारं, म्हणून नेहमीपेक्षा वेगळं. तो क्लोझापिनला चपखल बसत होता. नव्वदच्या दशकात रिस्पेरिडोन (अमेरिकेत १९९३), ओलान्झापिन (१९९६), क्वेटियापिन (१९९७) अशी रांग लागली आणि हेच विशेषण सगळ्यांना सरसकट चिकटलं. यातलं एकेक औषध मेंदूत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या जोराने काम करतं. रिस्पेरिडोनचा डोस वाढवला की जुन्या औषधांसारखाच ताठरपणा येतो. वर्ग एक म्हणावा असं त्यांच्यात फारसं काही नव्हतं. बाजारात येण्याचा काळ तेवढा एक होता. पण ‘नवी पिढी’ म्हटलं की ऐकणारा ‘अधिक चांगली’ असंच समजतो. दुकानात ‘नवीनवाली आहे ना?’ असं विचारणारे वडील मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे तर या गोळ्या परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त होत्या. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, त्यामुळे २००५ पर्यंत भारतीय कंपन्या वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवू शकत. स्वस्त आणि नवं, दोन्ही एकदम. जुन्या गोळ्या मग चिठ्ठीवरून झपाट्याने मागे पडल्या.

२००० साली ५२ चाचण्यांचा, साडेबारा हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात दिसलं की नव्या औषधांची तुलना पुष्कळदा हॅलोपेरिडॉलच्या मोठ्या डोसशी केली होती. डोस दिवसाला १२ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होता तिथे नव्यांची आघाडी जवळपास मावळत होती. ताठरपणा कमी होता, तेवढंच उरलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी खर्चाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. १,४९३ रुग्ण, अठरा महिने. चार नव्या औषधांसमोर पन्नासच्या दशकातलं परफेनाझिन उभं केलं होतं आणि ते बहुतेकांच्या बरोबरीने टिकलं. त्याहून बोलका आकडा वेगळाच : ७४ टक्के लोकांनी दिलेलं औषध मुदतीआधीच सोडलं. गुण न येणं, त्रास सहन न होणं, नकोसं वाटणं, कारणं अनेक होती. ओलान्झापिन त्यातल्या त्यात जास्त काळ घेतलं गेलं, पण घेणाऱ्याचं वजन सरासरी महिन्याला जवळपास एक किलोने वाढत होतं. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या अभ्यासातही जुनी औषधं घेणाऱ्यांच्या जगण्याचा दर्जा कमी भरला नाही. २००९ च्या दीडशे चाचण्यांच्या आढाव्यात क्लोझापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड ही चार औषधं सरस ठरली, बाकीची नाहीत. म्हणजे ‘पिढी’ ही कल्पनाच टिकत नाही.

या निष्कर्षांवर वाद झाले आणि ते रास्त होते. अमेरिकी अभ्यासात, तोंडाच्या-जिभेच्या अनावर हालचाली आधीच सुरू झालेल्या रुग्णांना परफेनाझिनच्या गटात घेतलंच नव्हतं. अठरा महिन्यांत असा त्रास नव्याने दिसायला वेळही पुरेसा नव्हता. हा टार्डिव्ह डिस्किनेसिया. जुन्या औषधांवर तो दरवर्षी साधारण पाच टक्क्यांना जडतो, नव्यांवर कमी. ज्याच्या जबड्याची हालचाल झोप लागेपर्यंत थांबत नाही, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. तरी शब्दाचा दोष शब्दाकडेच राहतो. ताठरपणा कमी असणं एवढ्या एका गुणाचं ‘कमी त्रासाचं औषध’ असं भाषांतर झालं आणि शरीरात दुसरीकडे काय चाललंय, तिकडे पाहायला उशीर झाला.

दुसरीकडे साखर वाढत होती. २००३ मध्ये अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर मधुमेहाचा इशारा छापणं आवश्यक झालं. २००४ मध्ये तिथल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांनी मिळून वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी कधी मोजायची याचं वेळापत्रक दिलं. आपल्यासाठी हे जास्तच लागू होतं. दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. दहा मिनिटांत तीन रुग्ण पाहायची वेळ येते त्या बाह्यरुग्ण विभागात कंबरेला फीत लावणार कोण? स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा दहा-वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकाराचा आहे. या मृत्यूंची चर्चा मनोविकाराच्या नावाखाली होत नाही, कारण दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलेलं असतं. २००८ मध्ये चीनमधल्या चाचण्यांत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आणि आहार-व्यायामाने वाढलेलं वजन उतरवता येतं असं दिसलं. ही स्वस्त गोळी इथल्या प्रत्येक औषध दुकानात आहे.

२०१७ मध्ये टार्डिव्हवर अमेरिकेत पहिल्यांदा दोन औषधं मंजूर झाली, व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन. ती मज्जापेशीतल्या ज्या वाहक प्रथिनाला अडवतात, त्याच जातीचं प्रथिन सर्पगंधेतलं रेसर्पिनही अडवत असे.

आणि २०२४ चं ते जोड औषध. झॅनोमेलिन मूळचं नव्वदच्या दशकात अल्झायमरसाठी तपासलेलं. आधीच्या औषधांसारखं डोपामिनला थेट न अडवता ते मेंदूपेशींवरच्या ‘मस्कॅरिनिक ग्राहकां’ना, म्हणजे एका वेगळ्या रसायनाचा निरोप झेलणाऱ्या जागांना, चालना देतं, आणि त्याचा पोटावरचा त्रास रोखायला जोडीला ट्रॉस्पियम. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होते. अंग आखडणं आणि वजन वाढणं चाचण्यांत फारसं दिसलं नाही. मान्यतेचा मुख्य आधार असलेल्या त्या चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि समोर जुनं-नवं कोणतंही औषध नव्हतं, बिनऔषधाची गोळी होती.