वापरलेली हार्ड डिस्क घेण्याआधी: बचत किती, धोका कुठे

आमच्याकडे नव्या डिस्कबरोबर वापरलेल्या आणि तपासलेल्या हार्ड डिस्कही विकायला असतात. त्यामुळे "जुनी घेऊ का?" हा प्रश्न रोज येतो. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून हे माहितीपत्रक. ते वाचून तुम्ही नवीच घ्यायचं ठरवलंत तर आम्हाला आनंदच आहे. पण भलत्या कामासाठी जुनी डिस्क नेली आणि सहा महिन्यांत बाळाच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले, असं सांगत कोणी परत आलं की फार वाईट वाटतं. तशी माणसं आम्ही समोर बसलेली पाहिली आहेत.

आधी हिशेब

नव्या डिस्कची किंमत १०० धरू आणि तेवढ्याच क्षमतेच्या जुन्या डिस्कची ५०. नवीला पाच वर्षांची वॉरंटी असेल, तर ती वर्षाला २० ला पडली. जुनी दोनच वर्षं टिकली, तर ती वर्षाला २५ ला पडली, म्हणजे महागच. अडीच वर्षांना दोघींची बरोबरी होते आणि जुनी त्यापुढे जितकी चालेल तितकीच खरी बचत. म्हणून जुन्या डिस्कला कोणी नव्याच्या सत्तर-ऐंशी टक्के भाव सांगत असेल, तर सरळ नवी घ्या. तिथे वाचण्यासारखं काही उरत नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या अंगाने करू. तेच १०० खर्चून दोन जुन्या डिस्क घेतल्या आणि दोन्हींवर एकच डेटा ठेवला. समजा, नवी डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता दीड टक्का आहे आणि जुनीची पाच टक्के. पाच हा आकडा आम्ही हिशेबापुरता धरला आहे. दीड मात्र हवेतला नाही. बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवणूक पुरवणारी कंपनी आपल्या लाखो डिस्कच्या २०१३ पासूनच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवते आणि तिथलं बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण अलीकडच्या वर्षांत एक ते दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. तर दोन्ही जुन्या डिस्क एकाच वर्षात जाण्याची शक्यता किती? पाच टक्क्यांचे पाच टक्के, म्हणजे पाव टक्का. एकट्या नव्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा हा धोका सहापट कमी झाला.

हे गणित खरं ठरायला एक अट आहे: दोघींवर एकच संकट येता कामा नये. दोन्ही एकाच डब्यात, एकाच पॉवर सप्लायवर असतील, तर विजेचा एकच झटका दोघींना पुरतो. चुकून फोल्डर पुसला गेला किंवा व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर आरशासारख्या चालणाऱ्या जोडीत, म्हणजे एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही जाईल अशा जोडीत, ते दोन्हीकडे एकदमच होतं. दुसरी डिस्क बॅकअप घेऊन झाला की काढून ठेवायची, शक्यतो वेगळ्या जागी. शिवाय दोन्ही एकाच लॉटमधल्या, एकाच मशीनमधून निघालेल्या नसाव्यात. त्यांचं वय आणि झीज सारखीच असते, त्यामुळे त्या मागोमाग जाऊ शकतात.

आमचं सगळं म्हणणं या हिशेबात आलं. जुन्या डिस्कवर वाचलेले पैसे दुसऱ्या प्रतीसाठी वापरले, तरच आम्ही त्याला बचत म्हणतो. एकच जुनी डिस्क आणि तिच्यावर एकमेव प्रत, अशी खरेदी कितीही स्वस्तात झाली तरी आम्ही ती करू नका म्हणतो.

डिस्क कुठून आली

वय आणि तास विचारण्याआधी आम्ही हेच विचारतो. मोठ्या डेटा सेंटरमध्ये डिस्क बिघडल्या म्हणूनच बदलतात असं नाही. वॉरंटी संपली किंवा त्याच रॅकमध्ये दुप्पट क्षमतेच्या डिस्क बसवायच्या असल्या, की चालू स्थितीतल्या शेकडो डिस्क एकदम बाहेर येतात. त्यांचे तास भरपूर असतात, पण त्या थंड, स्थिर जागी एका लयीत फिरलेल्या असतात आणि सतत बंद-चालू झालेल्या नसतात. आमच्या अनुभवात जुन्या मालातला हा सगळ्यात चांगला माल.

कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमधून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या खोक्यातून, निघालेली डिस्क रात्रंदिवस लिहीत राहिलेली असते, बऱ्याचदा बिनपंख्याच्या बंद खोक्यात तापत. लॅपटॉपची डिस्क धक्के खाल्लेली असते. तिचे तास कमी दिसले तरी आम्ही तिच्यावर कमी विश्वास ठेवतो.

'रिफर्बिश्ड' या शब्दाला फसू नका. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने स्वतः तपासून, नवं लेबल लावून दिलेली वेगळी आणि विक्रेत्याने पुसून, फॉरमॅट करून दिलेली वेगळी. "वॉरंटी कोण देणार, किती दिवसांची आणि बदलून देणार की पैसे परत?" एवढं स्पष्ट विचारा. सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर मूळ वॉरंटी उरली आहे का तेही कळतं. सर्व्हरबरोबर घाऊक गेलेल्या डिस्कला कंपनी थेट वॉरंटी देत नाही, हे तिथे पुष्कळदा लक्षात येतं.

स्मार्टचे आकडे

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. काही स्वस्त यूएसबी केसमधून ती वाचता येत नाही. तेव्हा डिस्क थेट सॅटा केबलने, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायच्या नेहमीच्या केबलने, जोडावी. नुसता 'गुड' हा हिरवा शब्द बघून थांबू नका, मूळ आकडे उघडा.

यादीत प्रत्येक आकड्याला ठरलेला क्रमांक असतो. चालू तास ९ क्रमांकावर असतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ४२,००० तासांची डिस्क पावणेपाच वर्षं अखंड फिरली आहे. एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. खरे बघायचे ते ५, १९७ आणि १९८. सेक्टर म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायचा छोटा कप्पा. खराब म्हणून बाद केलेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर ५ क्रमांकावर मोजले जातात. १९७ म्हणजे वाचायला त्रास देणारे, अजून निकाल न लागलेले, म्हणजेच पेंडिंग सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न दुरुस्त झालेले. काही डिस्क १८७ आणि १८८ हेही दाखवतात. हे सगळे शून्य हवेत. विकताना आम्ही यात सूट देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. १९९ वाढलेला दिसला तर मात्र घाबरू नका. तो बहुतेकदा केबलचा दोष असतो. केबल बदलून आकडा वाढायचा थांबतो का ते पाहा.

आणि सगळे शून्य असले तरी निश्चिंत होऊ नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या डिस्कचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये, तापमान सोडलं तर, स्मार्टच्या एकाही आकड्याने आधी इशारा दिला नव्हता. उलट, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. थोडक्यात, स्मार्टने धोका दाखवला तर तो मानायचा. काही दाखवलं नाही, तर त्याला हमी समजायचं नाही.

कोरी म्हणून विकलेली जुनी

एक ग्राहक 'न वापरलेली' म्हणून दुसरीकडून घेतलेली डिस्क आमच्याकडे तपासायला घेऊन आले. पिशवी सीलबंद, चालू तास फक्त ६१. पण लेबलवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. भिंगाखाली धरली तर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर वारंवार घातल्या-काढल्याच्या बारीक रेघा होत्या आणि स्क्रूच्या भोकांचा रंग उडून आतला धातू चमकत होता. ६१ तासांत असं होत नाही. डिस्क सीगेटची होती. सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टशिवाय ठेवली जाणारी फार्म ही आणखी आतली नोंद उघडल्यावर खरा आकडा आला: ३८,००० तासांच्या वर. गृहस्थ बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिले. विक्रेत्याने डिस्क नंतर परत घेतली, पण त्यासाठी त्यांना दोन आठवडे भांडावं लागलं.

हे एकट्या त्यांच्याच बाबतीत घडलेलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या अनेक डिस्क हजारो तास चाललेल्या निघाल्या. त्या आपण तशा पुरवलेल्या नाहीत, असं कंपनीने सांगितलं. तिथेही स्मार्टमधले तास शून्यावर आणले होते आणि फार्ममधले तसेच राहिले होते. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत फार्म वाचता येतं. स्मार्ट आणि फार्म यांचे तास जुळले नाहीत, तर डिस्क तिथेच परत करा.

आमच्या टेबलावर काय होतं

आकडे बघून झाले की आम्ही डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत लिहितो आणि मग सगळं परत वाचतो. ८ टीबीच्या डिस्कला नुसतं लिहायलाच बारा तासांच्या आसपास लागतात आणि वाचायला पुन्हा तेवढेच. एवढा वेळ घालवायचं कारण सांगतो. मागे एका डिस्कचे सगळे आकडे शून्य होते, लिहूनही व्यवस्थित झालं. वाचन पाऊण भागापर्यंत आलं आणि पेंडिंगचा आकडा ८ झाला, थोड्या वेळाने १६, मग २४. आठाआठाने वाढतो, कारण तबकडीवरचा एक सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि मोजणी ५१२ च्या हिशेबाने होते. एक गेला की आठ दिसतात. वरवर बघितलेली असती, तर ही डिस्क कोणाच्या तरी घरी गेली असती. आम्ही ती बाद केली.

घरी हेच करायचं असेल तर डिस्कमध्ये काहीही ठेवण्याआधी करा, कारण लिहिण्याच्या चाचणीत आतलं सगळं पुसलं जातं. पार्सलने आलेली डिस्क थंड लागत असेल, तर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास तशीच राहू द्या, मगच चालू करा. चालू झाल्यावर कान द्या. सुरुवातीची घरघर चालते. ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल तर लगेच बंद करा.

बसेल ना?

सर्व्हरमधल्या कित्येक डिस्क एसएएस या वेगळ्या जोडणीच्या असतात. त्या दिसायला सॅटासारख्याच, पण घरच्या कॉम्प्युटरच्या सॅटा पोर्टवर चालत नाहीत. मोठ्या स्टोरेज यंत्रणेतून आलेल्या काहींचे सेक्टर ५२० बाइटचे असतात. त्या आधी पुन्हा फॉरमॅट कराव्या लागतात. काही सॅटा डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत आणि गिऱ्हाईक ती मेलेली समजून परत पाठवतं. कारण पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की ही डिस्क बंद राहते. ३.३ व्होल्टची वायर नसलेला मोलेक्स अ‍ॅडॉप्टर (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून वीज देणारा) लावला की चालते. नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांसाठी जोडलेल्या डिस्कच्या डब्यात, घालायची असेल तर मॉडेल एसएमआर (लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवलेलं) नाही ना, हेही बघा; अशा डिस्कवर सलग बरंच लिहिताना वेग फार पडतो.

कशासाठी घ्यावी

दुसरी किंवा तिसरी प्रत, पुन्हा उतरवता येतील असे सिनेमे, कॅमेऱ्याचं आठवड्याभराचं रेकॉर्डिंग, शिकायला आणि प्रयोगाला लागणारं मशीन: यासाठी तपासलेली जुनी डिस्क निःसंकोच घ्या. हिशेबाची वही, गिऱ्हाइकांची कागदपत्रं, घरचे फोटो यांची मुख्य प्रत नव्यावर ठेवा आणि जुनी त्यांच्या बॅकअपला लावा.

तुमची स्वतःची डिस्क विकणार असाल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी विकत घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या मोजक्याच नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत लोकांची पत्रं आणि क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर सापडले. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की हा प्रश्न मिटतो. तुम्हाला जमत नसेल तर आणून द्या, आम्ही तुमच्यासमोर सुरू करून देऊ.

आमच्याकडून नेलेल्या प्रत्येक जुन्या डिस्कबरोबर एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर सिरीयल नंबर, विक्रीच्या दिवशीचे चालू तास आणि ५, १९७, १९८ चे आकडे हाताने लिहिलेले असतात. ती डिस्कच्या पिशवीतच राहू द्या. पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढे तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा बघा. एखादा शून्यावरून हलला असेल, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग डिस्क चिठ्ठीसकट आमच्याकडे आणा.