घोड्या शंभर, पण घोडे किती?

भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली ही बातमी आमच्या गावच्या ग्रुपवर फिरली, तर एक भाऊ म्हणतो, "एवढी जनावरं हायेत ना, मंग जपाचं काहून?" प्रश्न बरोबर आहे, पण नुसती डोकी मोजली की इथंच गफलत होते.

समजा कळपात १०० घोड्या आहेत आणि सगळ्या फळवायला घोडा एकच. शिंगराला निम्मे जनुक आईचे, निम्मे बापाचे, म्हणजे पुढच्या पिढीतले अर्धे जनुक त्या एकट्या घोड्यातूनच येणार, मग घोड्या १०० असोत की १०००. जनुकांच्या दृष्टीनं कळप खरा किती मोठा, याचा हिशेब असा, की नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याला ४ ने गुणायचं आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. ४०० भागिले १०१, उत्तर जेमतेम ४! १०१ जनावरांचा कळप, पण जनुकांच्या हिशेबात २ नर २ माद्या एवढाच. घोडे १० केले की हाच आकडा ३६ वर जातो, फक्त ९ नर वाढवून! जातीसाठी हा आकडा किमान ५० तरी असावा असं मानतात.

आकडा ४ राहिला तर बिघडतं काय? एका घोड्याची सगळी शिंगरं सावत्र भावंडं, त्यांचीच आपसात जोडी लागली की नातवाला एखाद्या जनुकाची आजोबाकडची तीच प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता ८ त १. प्रत्येक जनावरात काही सदोष प्रती असतात, जोडीची प्रत चांगली म्हणून त्या लपून राहतात, दोन्ही सदोष आल्या की मात्र रोग बाहेर पडतो. आणि ज्या प्रती त्या घोड्यात नव्हत्याच, त्या पिढ्यापिढ्यांत गळत जातात.

त्यात आपल्याकडे घोडा घेताना आधी भोवऱ्या बघतात. केसांची भोवरी 'अशुभ' जागी निघाली की धडधाकट नर पैदाशीतून बाद! भोवरीचा मालकाच्या नशिबाशी काहीच संबंध नाही, नरांचा आकडा मात्र नक्की घटतो.

मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा जंगलातून संपला होता, आजचे सगळे डझनभर पकडलेल्या पूर्वजांचे वंशज. १९८० साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत एका घोड्याच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या, त्यांतून २०२० मध्ये कर्ट नावाचं शिंगरू क्लोन केलं, म्हणजे त्याच घोड्याची जनुकीय नक्कल, कारण त्या घोड्याच्या जनुकांतलं वैविध्य आजच्या कळपात फार कमी उरलं होतं. "क्लोननं जात वाचवली" अशा हेडलाइनवर जाऊ नका, कर्ट म्हणजे एक जुना नर परत आला एवढंच, पुढं त्याची पिल्लं व्हायला पाहिजेत. आपल्याकडे बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात २०२३ मध्ये मारवाडी घोडीचा भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून शिंगरू जन्मलं, पण तिथंही बाप कोण निवडला हाच मुद्दा राहतो.

म्हणून पाळणाऱ्यांनी शिंगराचा बाप कोणता ते वहीत लिहून ठेवावं, शंका असली तर मुळासकट उपटलेल्या केसांवरून डीएनए टेस्ट होते. आपल्या वर्ध्याच्या गवळाऊ गाईलाही हाच हिशेब लागू आहे, तेव्हा गावात वळू किती आणि ते एकाच बापाचे तर नाहीत ना, हे आधी विचारा.