पाण्यात मोटर चालते, पण ती सुरक्षित असते का?

खेळण्यातली छोटी मोटर पाण्याने भरलेल्या ग्लासात बुडवून सहा व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर ती बंद पडत नाही, नुसती मंदावते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते, त्यामुळे ते घुसळण्यातच बरीच शक्ती जाते. नीट पाहिलं तर ब्रशपाशी, म्हणजे फिरत्या भागाला टेकून त्याला वीज पोचवणाऱ्या पट्ट्यांपाशी, बारीक बुडबुडे उठताना दिसतात. तिथे विजेमुळे पाण्याचं विघटन होत असतं. अशीच चालू ठेवली तर कॉम्युटेटरचं (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या कड्याचं) तांबं झिजतं, बेअरिंग गंजतं आणि मोटर कामातून जाते.

पण ती लगेच का जळत नाही? मोटर फिरते चुंबकीय क्षेत्रावर आणि त्या क्षेत्राला पाण्याचा जवळजवळ काहीच अडथळा होत नाही. शिवाय नळाचं पाणी तांब्याच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी कमी वीज वाहून नेतं. त्यामुळे बहुतेक प्रवाह वाइंडिंगमधूनच, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांमधूनच जातो, पाण्यातून अगदी थोडा गळतो. खाऱ्या पाण्यात मात्र ही गळती कितीतरी वाढते.

खरा धोका या थोड्याशा गळतीतच आहे. २३० व्होल्टवर चालणारी पंपाची मोटर काही अँपिअर प्रवाह घेते. त्यातला ०.१ अँपिअर पाण्यात गळला तरी मोटरच्या फिरण्यात फरक पडत नाही आणि १६ अँपिअरचा एमसीबीही (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. पण तेवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून ‘मोटर तर व्यवस्थित चालतेय’ हा सुरक्षिततेचा पुरावा होऊच शकत नाही. ही गळती पकडायला ३० मिलिअँपिअरचा (०.०३ अँपिअरचा) आरसीसीबी नावाचा स्विच लागतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. सोबत अर्थिंग हवंच. आणि हे दोन्ही असलं तरी पंप चालू असताना पाण्यात उतरू नये.

साध्या मोटरच्या वाइंडिंगवर इनॅमलचा थर असतो, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा. त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. हवेत त्यांनी काही बिघडत नाही, पाण्यात मात्र तेच गळतीचे मार्ग होतात. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवूनच चालवायच्या मोटरमध्ये यावर वेगवेगळे उपाय आहेत. काहींमध्ये आत तेल भरतात, काहींमध्ये स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) स्टीलच्या पातळ आवरणात कायमचा बंद करून आत रेझिन ओततात. मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो तिसरा प्रकार. यात तारेवरच पीव्हीसी किंवा पॉलिथिनचं जाड आवरण चढवतात आणि मोटरच्या पोटात मुद्दाम पाणी भरतात! विहिरीत सोडण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरावी लागते, हवेचा बुडबुडाही राहता कामा नये, कारण बेअरिंगचं वंगण तेच पाणी असतं. आत-बाहेर पाणीच असल्याने एक रबरी पडदा दोन्हीकडचा दाब सारखा ठेवू शकतो. दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो, तरी सीलवर त्याचा ताण येत नाही.

या मोटरला थंड ठेवतं तेही भोवतालून वाहणारं पाणीच. म्हणून पाण्याची पातळी खाली जाऊन पंप कोरडा चालला, तर पाण्यासाठीच बनवलेली ही मोटर पाण्याअभावी जळते.

मोटरवर आयपी६७ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी) लिहिलेलं असलं की ती कायम पाण्यात ठेवता येते, असं अनेकांना वाटतं. त्या चाचणीत वस्तू एक मीटर पाण्यात फक्त ३० मिनिटं ठेवतात. सतत बुडवून ठेवायची तर आयपी६८ लागतं, तेही निर्मात्याने सांगितलेल्या खोलीपर्यंतच. तापलेली बंदिस्त मोटर एकदम थंड पाण्यात गेली, तर आतली हवा आकसते, दाब घटतो आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

पुरात बुडालेली साधी मोटर वरून कोरडी दिसली म्हणून चालू करू नये. पाणी वाइंडिंगच्या खाचांमध्ये कित्येक दिवस टिकतं, त्यातला गाळ आणि क्षार तर पाणी वाळल्यावरही मागे राहतात. आधी मुख्य स्विच बंद करावा. मग मोटर उघडून गोड्या पाण्याने धुवावी, मंद उष्णता देऊन पूर्ण वाळवावी आणि मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग व बॉडी यांच्यातला रोध तपासून घ्यावा. रीडिंग एक मेगाओमपेक्षा कमी आलं, तर वाळवण्याचं काम अजून बाकी आहे किंवा इन्सुलेशनच गेलं आहे.