संमिश्र अभिप्राय (व्हिडिओ गेम)

संमिश्र अभिप्राय : एखाद्या व्हिडिओ गेमला काही समीक्षकांनी उचलून धरावे, काहींनी झोडपावे, उरलेल्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून सोडून द्यावे आणि शेवटी गेमच्या नावापुढे ५० ते ७४ च्या दरम्यानचा एखादा आकडा चिकटावा, या निकालाला संमिश्र अभिप्राय म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली मराठी पोरे अशा गेमला ‘बरा हाय’ म्हणतात. या ‘बरा’चा अर्थ सुरावर ठरतो. ‘बरा हाय की!’ असे झटक्यात आले तर गेम घ्यायला हरकत नाही. ‘हां… बरा हाय’ असे ओढून आले तर राहू दे. शेजारी बसलेला कन्नड दोस्त त्याच वेळी ‘अड्डी इल्ल’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘आड येणारे काही नाही’. पण त्यातही सुराप्रमाणे कौतुक किंवा नाइलाज ऐकू येतो. छापून येणाऱ्या आकड्यात हा सूर उरत नाही. मधल्या दर्जाच्या गेमांबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आकड्याची ही पद्धत रूढ झाली ती २००१ साली सुरू झालेल्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळामुळे. निरनिराळ्या समीक्षकांचे गुण १०० च्या मापात आणून मेटाक्रिटिक त्यांची सरासरी काढते. सगळ्या समीक्षकांचे वजन सारखे नसते आणि कोणाला किती वजन दिले हे जाहीर केले जात नाही. गेमसाठी ७५ पासून पुढे हिरवा चौकोन, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. पिवळा म्हणजे ‘संमिश्र किंवा साधारण’. हे ‘किंवा’ फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येऊ. चित्रपटांसाठी हीच पट्टी वेगळी आहे: तिथे ६१ पासूनच हिरवा चौकोन मिळतो आणि ४० ते ६० पिवळा. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट चांगला ठरतो आणि ६५ गुणांचा गेम मधला. याचे कारण गेम समीक्षेच्या सवयीत आहे. गेमचे समीक्षक पट्टीचा खालचा अर्धा भाग क्वचितच वापरतात, त्यामुळे ७० हा आकडा हळूहळू नाराजीचा होऊन बसला.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला हे समजून घेताना जरा अडखळायला होते. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, ६२५ पैकी ३७५ मिळाले की फर्स्ट क्लास. मराठी माध्यमाच्या पोराला पहिल्या भाषेचे १२५ आणि बाकीच्या पाच विषयांचे प्रत्येकी १०० अशी ती बेरीज. पासष्ट टक्के आले तर घरात पेढे येतात, गल्लीत वाटले जातात. तोच पोरगा गेमपुढे ६५ वाचतो आणि मित्र सांगतात, ‘फ्लॉप आहे रे.’ दोन्ही ठिकाणी आकडा एकच, पण एक शाळेच्या पट्टीतला आणि एक बाजाराच्या. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळाडूंच्या मतांवर चालणारी पट्टी आणखी निराळी. तिथला टक्का गुणांचा नसतोच. अंगठा वर करणाऱ्यांचे शंभरातले प्रमाण तेवढे तो सांगतो आणि ४० ते ६९ च्या दरम्यान असला की ‘संमिश्र’ असा शेरा पडतो. ६५ टक्क्यांचा गेम तीनातल्या जवळपास दोघांना आवडलेला असतो. तो किती आवडला, हे त्या टक्क्यात नसते.

मधला आकडा दोन अगदी वेगळ्या वाटांनी तयार होतो. चार समीक्षकांनी ७०, ७०, ७०, ७० दिले तर सरासरी ७०. दुसऱ्या गेमला १००, ९०, ५०, ४० मिळाले तरी सरासरी ७० च. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यावर कुस्ती पाहायला बसणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. एक कुस्ती बरोबरीत सुटते ती अशी, की दोघे पैलवान नुसती खडाखडी करत, माना दाबत वेळ काढतात आणि पंच कंटाळून हात वर करतात. दुसरी बरोबरीत सुटते ती पट काढून, ढाक लावून, तीनदा चितपट होता होता निसटून. वहीत दोन्हींपुढे ‘बरोबरी’ एवढेच लिहिले जाते. घरी जाताना लोक मात्र दुसरीच कुस्ती एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. मेटाक्रिटिकच्या ‘संमिश्र किंवा साधारण’ या शब्दांत या दोन्ही कुस्त्या एकाच ओळीत बसवल्या आहेत. ‘साधारण’ म्हणजे खडाखडी, ‘संमिश्र’ म्हणजे दुसरी. आणि खरेदी करणाऱ्याला नेमके हेच माहीत हवे असते.

दुसऱ्या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण ‘डेडली प्रेमोनिशन’. हिदेताका सुएहिरो यांनी दिग्दर्शित केलेला हा जपानी गेम २०१० साली आला. त्याला आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाच्या समीक्षकाने १० पैकी २ दिले आणि डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाच्या समीक्षकाने १० पैकी १०. समीक्षकांमध्ये सर्वाधिक फूट पाडणारा सर्व्हायव्हल हॉरर (जीव वाचवत खेळायचा भयपट) गेम म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्रावरची मेटाक्रिटिकची सरासरी निघाली ६८. हा ६८ कोणाचेच मत नाही. ज्याने २ दिले त्याने गोळीबारातला जडपणा, जुनाट चित्रे, गाडी चालवताना हातात न येणारे स्टिअरिंग पाहिले, आणि ते सगळे त्या गेममध्ये आहेच. ज्याने १० दिले त्याने ग्रीनव्हेल हे पावसाळी गाव पाहिले. तिथले दुकानदार, नर्स, शेरीफ आपापल्या वेळेला उठतात, कामाला जातात, हॉटेलात जेवतात. खेळणारा समोर असो वा नसो, गावाचा दिवस चालू राहतो. नायक यॉर्क दाढी करायला विसरला तर ती वाढते, सूट धुतला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंगावतात. सकाळच्या कॉफीत दूध फिरते त्या वळणांत तो खुनाचा सुगावा शोधत बसतो. दोन्ही समीक्षकांनी एकच गेम प्रामाणिकपणे खेळला आणि मोजताना एकाने हात पाहिला, दुसऱ्याने गाव पाहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्याने २ दिले त्याचे परीक्षणही वाचण्यासारखे आहे, कारण तोच जडपणा कोणाला सोसेल आणि कोणाला नाही, हे त्यावरूनच कळते.

ही फूट लपवायची नसेल तर काय करावे, याचे एक जुने आणि साधे उत्तर जपानमध्ये आहे. १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकात एका गेमचे परीक्षण चौघे जण करतात. प्रत्येकाचे १० पैकी गुण आणि दोन-चार ओळींचे मत शेजारी शेजारी छापले जाते; बेरीज ४० पैकी. ९, ८, ५, ५ असे चार आकडे दिसले की वाचकाला बेरजेआधी भांडण दिसते. बेळगावातल्या नाट्यस्पर्धेला बसलेल्या प्रेक्षकाला ही पद्धत परकी वाटणार नाही: तीन परीक्षकांपैकी एकाला नेपथ्य भावले, दुसऱ्याला संहिता खटकली, तिसरा नटीच्या आवाजावर खूश, आणि निकालानंतर चहाच्या गाड्यावर चर्चा होते ती या तीन मतांची. उलट ब्रिटनच्या युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण देणेच बंद करून पाहिले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने ते परत आणले. आकड्याची भूक वाचकाला असतेच.

आकड्याला बाजारात केवढे वजन आहे याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ (२०१०) या गेमचे. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस, असे ठरले होते आणि गेमला मिळाले ८४, हे तो गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. ८४ हा मधला आकडा नव्हेच, तरी एका गुणाने पैसे गेले. मग ७० च्या आसपास अडकलेल्या कंपन्यांवर काय ताण येत असेल याची कल्पना करता येते.

दुसरी अडचण काळाची. गेम आता बाजारात आल्यावरही बदलत राहतो, पण मेटाक्रिटिक समीक्षकाने दिलेला पहिलाच आकडा धरते; नंतर मत बदलले तरी सरासरी बदलत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ला प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रावर ७१ आणि पीसीवर ६१ मिळाले. आधी केलेल्या जाहिरातीतल्या कितीतरी गोष्टी गेममध्ये नव्हत्या आणि खेळाडू संतापले होते. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीने वर्षानुवर्षे फुकट अपडेट दिले. २०१८ च्या मोठ्या अपडेटने एकत्र खेळण्याची खरी सोय आणली. २०२४ च्या अखेरीस स्टीमवर त्याच गेमपुढे ‘अतिशय सकारात्मक’ असा शेरा लागला. जुना ६१ तसाच आहे. ‘डेज गॉन’ (२०१९) चे प्रकरण थोडे निराळे. त्याला ७१ मिळाले ते त्रुटी आणि लांबड यांमुळे. पण मोटरसायकलचे पेट्रोल संपायला आले आहे, रात्र झाली आहे आणि खिंडीतून शेकडो झोंबींचा लोंढा वाहत येतो आहे, तो क्षण ज्यांनी अनुभवला ते खेळाडू आजही त्याची बाजू घेऊन भांडतात.

सीमाभागात हा अभिप्राय वाचला जातो तो इंग्रजीतून, ऐकला जातो बहुधा हिंदीतून आणि त्यावर वाद होतो मराठीत, मध्ये मध्ये कन्नड येतच असते. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागातल्या कॉलेजच्या पोरांत गेम घेण्याआधी जी चर्चा चालते तिच्यात समीक्षकाच्या वाक्यांचा क्रम उलटा होतो. परदेशी परीक्षणात शेवटी, उणिवांच्या यादीत तळाशी लिहिलेले असते: ‘सेव्ह करण्याच्या जागा फार लांब लांब आहेत.’ तिथल्या वाचकाला ही किरकोळ तक्रार. इकडे जून ते सप्टेंबर पावसाच्या दणक्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. खानापूरकडच्या गावांत तर विचारूच नका. पाऊण तासाची लढाई जिंकता जिंकता स्क्रीन काळी झाली की परत पहिल्यापासून. त्या पोराला ती तळाची ओळ सर्वांत आधी हवी असते. तसेच डाउनलोडच्या आकाराचे. ऐंशी-शंभर जीबीचा गेम मोबाइलच्या डेटावर उतरवायचा तर कित्येक दिवसांची तजवीज लागते, आणि इतका खटाटोप करून गेम खडाखडीच्या कुस्तीसारखा निघाला तर मन खट्टू होते.

उलट, समीक्षकाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या काही उणिवा इथे हलक्या होतात. ‘नवीन काही नाही, आधीच्या गेमसारखाच आहे’ हा आक्षेप वर्षाला पन्नास गेम खेळणाऱ्याचा आहे. आधीचा गेम ज्याने खेळलाच नाही त्याला हा नवाच. शिवाय समीक्षक पहिल्या दिवशीची पूर्ण किंमत धरून लिहितो, तर इथला खेळाडू वर्ष-दोन वर्षे सेलची वाट पाहतो. तोवर त्रुटी दुरुस्त झालेल्या असतात आणि किंमतही उतरलेली असते. स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती दिसू लागल्याने हा हिशेब सोपा झाला. त्याच वर्षी आलेली परताव्याची सोय, म्हणजे १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येणे, ही तर मधल्या दर्जाच्या गेमांसाठी वरदानच आहे. समीक्षक जिथे दुभंगले आहेत तिथे दोन तास स्वतः खेळून पाहण्याइतका खात्रीचा उपाय नाही. मात्र काही गेम सुरुवातीचे दोन तास रखडतात आणि मग उघडतात, त्यांच्यावर यात अन्याय होतो.

मराठी वाचकाला जवळचे असे एक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स कंपनीचे आहे. त्यांचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० साली आला आणि निन्टेंडो स्विच या गेमयंत्रावरच्या आवृत्तीला मिळालेले अभिप्राय संमिश्र गटात मोडले. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगत जातात. जवळपास सगळ्यांनी चित्रांची वाखाणणी केली: पहाडी शैलीची आठवण करून देणारे रंग, राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग. राजी खांबाला धरून गर्रकन फिरते, भिंतीवरून धावत उलटी उडी घेते आणि त्रिशूळ खाली आपटते, ही हालचाल पाहताना मल्लखांब पाहिलेल्याला आपले काहीतरी ओळखीचे भेटल्यासारखे वाटते. तक्रारी होत्या त्या लढाईच्या: बटण दाबल्यावर वार लागायला उशीर, कॅमेरा स्वतःच्या हातात नसल्याने उडीचा अंदाज चुकणे, आणि पाच-सहा तासांत सगळे संपून शेवट घाईत गुंडाळणे. या तक्रारी खऱ्या आहेत. कौतुकही तितकेच खरे आहे. आपल्याकडचा म्हणून गुण वाढवून द्यावेत असे या लेखकाला वाटत नाही. परदेशी समीक्षकाला ‘नवी पुराणकथा’ वाटलेली गोष्ट इथल्या पोराने आजीकडून ऐकलेली असते, तेव्हा त्याच्या मापात कथेचे वजन कमी आणि ती कशी दाखवली याचे वजन जास्त, एवढाच फरक. २०२२ मध्ये या गेमची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईवर पुन्हा काम केले होते आणि पात्रांना हिंदी आवाज दिले होते. मूळ आवृत्तीचा पिवळा चौकोन मात्र २०२० च्या आकड्यासह तिथेच आहे.