कारभार नेमका कोणाचा? दक्षिण कोरियातल्या २०१६च्या संतापाची पार्श्वभूमी

२४ ऑक्टोबर २०१६च्या संध्याकाळी जेटीबीसी या कोरियन वाहिनीने एका टॅब्लेटमध्ये सापडलेल्या फायली पडद्यावर दाखवल्या. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या भाषणांचे मसुदे, भाषण होण्याच्या आधीच, त्यांची जुनी मैत्रीण चोई सून-सिल हिच्याकडे पोचत होते. तिच्याकडे कुठलंही सरकारी पद नव्हतं. त्या मसुद्यांत पार्क यांनी २०१४ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये उत्तर कोरियाविषयी केलेलं गाजलेलं भाषणही होतं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवरून माफी मागितली. दोन आठवड्यांच्या आत गॅलप कोरियाच्या पाहणीत त्यांच्या कामावर समाधानी असलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवर आलं, नोव्हेंबर संपता संपता ४ टक्क्यांवर.

एवढी मोठी पडझड एका टॅब्लेटने होत नसते. टॅब्लेट हे निमित्त.

भ्रष्टाचार म्हणाल तर कोरियन मतदाराला त्याचं अप्रूप राहिलेलं नव्हतं. पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री १९६० साली देश सोडून हवाईला गेले. चुन दू-ह्वान आणि रो ते-वू या लष्करातून आलेल्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना १९९६ साली शिक्षा झाली. किम यंग-सॅम यांचा मुलगा बाप सत्तेवर असतानाच तुरुंगात गेला, किम दे-जुंग यांच्या मुलांचंही तेच झालं. रो मू-ह्युन यांनी लाचखोरीची चौकशी सुरू असताना २००९ साली आत्महत्या केली. ली म्युंग-बाक यांच्या थोरल्या भावाला अटक झाली. या शेवटच्या चौघांच्या वेळी गुन्हा जवळपास एकच, घरच्यांनी सत्तेचा बाजार मांडला.

२०१२च्या निवडणुकीत पार्क यांचं बळ होतं ते इथेच. आईवडील हयात नाहीत, लग्न नाही, मूलबाळ नाही, भावंडांशी फारसं जाणं-येणं नाही. मला सांभाळायला कुटुंब नाही, जनता हेच माझं कुटुंब, असं त्या प्रचारात सांगत. ज्यांना त्यांच्या वडिलांच्या राजवटीचा राग होता त्यांतल्याही काहींना हा हिशेब पटला असणार, कारण खाणारे नातेवाईकच नसतील तर खाणार कोण? ५१.६ टक्के मतं घेऊन त्या जिंकल्या. १९८७ नंतर निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्या त्या पहिल्याच.

या एकटेपणाचा इतिहास मात्र बाजूला राहिला. वडील पार्क चुंग-ही १९६१च्या लष्करी उठावातून सत्तेवर आले आणि अठरा वर्षं राहिले. कारखाने, महामार्ग, निर्यात यांचं श्रेय त्यांना देणारे आजही आहेत. १९७२ची, सगळी सत्ता त्यांच्या हाती एकवटणारी ‘युशिन’ राज्यघटना, तिच्याखालच्या अटका आणि छळ आठवणारेही आहेत. १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात पत्नी युक यंग-सू यांचा बळी गेला. बावीस वर्षांची मुलगी फ्रान्समधलं शिक्षण सोडून परत आली आणि देशाची ‘प्रथम महिला’ म्हणून आईच्या जागी उभी राहिली. याच काळात चोई ते-मिन नावाचा गृहस्थ तिच्या आयुष्यात आला. आधी पोलिसात, मग स्वतःचाच एक पंथ काढलेला, पुढे पाद्री म्हणवून घेणारा. त्याने पत्रं पाठवली, आणि तुझी आई माझ्या स्वप्नात येते असं तो सांगत असल्याच्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या जात होत्या. २६ ऑक्टोबर १९७९ला गुप्तचर प्रमुख किम जे-ग्यू याने जेवणाच्या टेबलावर पार्क चुंग-ही यांना गोळ्या घातल्या. खटल्यात त्याने दिलेल्या कारणांमध्ये या चोईंचा उपद्रवही होता. चोई ते-मिन १९९४ साली वारला. चोई सून-सिल ही त्याचीच मुलगी.

म्हणजे बातमी पूर्णपणे नवी नव्हतीच. २००७ साली सोलमधल्या अमेरिकी दूतावासाने वॉशिंग्टनला पाठवलेल्या तारेतही या पाद्र्याच्या पार्क यांच्यावरील पकडीविषयीच्या अफवांची नोंद आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर चोईचा माजी नवरा चुंग युन-होई पडद्याआडून कारभारात ढवळाढवळ करतो, असं सांगणारा राष्ट्राध्यक्ष भवनातलाच एक अहवाल एका दैनिकाने छापला. तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने तपासात सांगितलं होतं की सत्तेच्या उतरंडीत पहिला क्रमांक चोई सून-सिलचा, दुसरा चुंगचा आणि राष्ट्राध्यक्ष तिसऱ्या. लोक तेव्हा हसले. सरकारने अफवा म्हणून प्रकरण झटकलं, आणि चौकशी झाली ती कागद फोडला कोणी याची.

पण माझ्या मते या संतापाची खरी तारीख १६ एप्रिल २०१४ आहे. इंचनहून जेजू बेटाकडे निघालेली सेवॉल ही बोट त्या सकाळी कलंडली. ४७६ जण होते, ३०४ मेले. त्यांतली २५० मुलं आन्सान शहरातल्या दानवॉन या एकाच शाळेची, सहलीला निघालेली. ‘आहात तिथेच थांबा’ अशी सूचना बोटीवर वारंवार देण्यात आली. मुलांनी ऐकलं. कॅप्टन मात्र बाहेर पडला. देश टीव्हीवर थेट पाहत होता, मुलांच्या फोनमधले शेवटचे संदेश आईबापांकडे होते. राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी पाचनंतर आपत्ती केंद्रात आल्या आणि विचारत्या झाल्या की मुलांनी लाइफ जॅकेट घातली असतील तर ती सापडत का नाहीत? बोट उलटून कित्येक तास झालेले. सकाळी पहिली खबर मिळाल्यापासून तोवर त्या नेमक्या कुठे होत्या, काय करत होत्या, याचं सरळ उत्तर मिळालं नाही. ‘ते सात तास’ एवढं म्हटलं की कोरियात पुढचं सांगावं लागत नाही.

‘हा काय देश आहे?’ हे वाक्य तेव्हापासून फलकांवर दिसायला लागलं. मृत मुलांचे आईबाप सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात तंबू टाकून बसले, उपोषणं केली. सरकारसमर्थकांनी त्यांच्यासमोर मुद्दाम चमचमीत खाऊन त्यांची टिंगल केली. २०१५ साली मर्स या साथीने ३८ माणसं गेली आणि कुठल्या रुग्णालयांत रुग्ण आहेत हेच सरकारने बरेच दिवस दडवलं. त्याच नोव्हेंबरात मोर्चातला एक वयस्क शेतकरी पोलिसांच्या पाण्याच्या माऱ्याने कोसळला, दहा महिने बेशुद्ध राहून गेला. शाळांसाठी इतिहासाचं एकच सरकारी पुस्तक काढायचा हट्टही याच वर्षातला. त्यात वडिलांची प्रतिमा उजळली जाईल हा संशय उघड होता. एप्रिल २०१६च्या संसदीय निवडणुकीत मतदारांनी सत्ताधारी सेनुरी पक्षाला १२२ जागांवर आणून दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. इशारा पुरेसा स्पष्ट होता, फक्त तो वाचायला कोणी तयार नव्हतं.

तरुणांची चीड वेगळीच. ती पोरं आपल्या देशाला ‘हेल जोसन’ म्हणायला लागली होती. जोसन हे जुन्या राजघराण्याच्या काळातलं नाव, म्हणजे जिथे जन्मावरच सगळं ठरतं असा नरक. सोन्याचा चमचा घेऊन जन्मलेले आणि मातीचा चमचा घेऊन जन्मलेले, अशी वाटणी रोजच्या बोलण्यात आली होती. प्रवेश परीक्षेच्या दिवशी जिथे काही वेळ विमानांची ये-जा थांबवली जाते, त्या देशात विद्यापीठातला वशिला हा साधा अपराध ठरत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात इह्वा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनी एका नव्या अभ्यासक्रमाविरुद्ध मुख्य इमारतीत ठिय्या देऊन बसल्या होत्या. प्रशासनाने शेकडो पोलीस आत आणले. त्या आंदोलनातून उकरत उकरत गोष्ट पोचली ती चोईच्या मुलीपर्यंत. घोडेस्वारीतल्या पदकावर तिला तिथे प्रवेश मिळाला होता, तासांना न बसता गुण मिळत होते. पैसा हीसुद्धा लायकीच आहे, नसेल तर आपल्या आईबापांना दोष द्या, अशा अर्थाची तिची दोन वर्षं जुनी पोस्ट लोकांनी शोधून काढली. टॅब्लेटमुळे मध्यमवयीन चिडले असतील. शाळकरी मुलं गणवेशात मोर्चाला आली ती या पोस्टमुळे.

पैशांचा भाग त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. मीर आणि के-स्पोर्ट्स या दोन प्रतिष्ठानांसाठी ५३ कंपन्यांकडून मिळून सुमारे ७,७४० कोटी वॉन गोळा झाले होते. चोईच्या मुलीच्या घोड्यांचा खर्च सॅमसंगने उचलला होता. तपासयंत्रणेचा आरोप असा की बदल्यात वारस ली जे-योंग यांची समूहावरची पकड घट्ट करणाऱ्या २०१५च्या कंपनी विलीनीकरणाला राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधीने मत दिलं. म्हणजे सामान्यांच्या पेन्शनच्या पैशाने उद्योगपतीच्या पोराची गादी पक्की झाली. शिवाय सरकारवर टीका करणाऱ्या कलावंत-लेखकांची हजारो नावांची काळी यादीही बाहेर आली.

आता प्रश्न असा की इतका राग असूनही रस्त्यावर दगड का पडले नाहीत, लोक मेणबत्त्या घेऊन का आले?

याचं उत्तर जुन्या मोर्चांत आहे. एप्रिल १९६०ला बनावट निवडणुकीविरुद्ध विद्यार्थी राष्ट्राध्यक्ष भवनाकडे निघाले तेव्हा गोळीबार झाला, शंभरावर माणसं मेली, सिंगमन री गेले. पण वर्षभराने लष्कर आलं. १९८०ला ग्वांगजूमध्ये सैन्याने नागरिकांना मारलं. जानेवारी १९८७ला पोलीस कोठडीत एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, आणि टेबलावर हात आपटला तर तो ‘उक’ करून मेला असा खुलासा पोलिसांनी दिला. त्या खोटेपणावर जून महिन्यात देश उठला. कचेरीतले टायवाले नोकरदारही रस्त्यावर आले, आणि थेट निवडणुकीची मागणी मान्य झाली. त्या वर्षीच्या राज्यघटनेने तीन गोष्टी दिल्या: राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांची एकच मुदत, संसदेत दोन-तृतीयांश मतांनी महाभियोग, आणि त्यावर अंतिम निकाल देणारं नऊ न्यायमूर्तींचं घटना न्यायालय, जिथे किमान सहा जण अनुकूल हवेत. आपल्याकडे सरकारवरचा विश्वास उडाला तर लोकसभेत साध्या बहुमताने ते पडतं. तिथे तशी वाट नाही. नको झालेला राष्ट्राध्यक्ष सहन करायचा, नाहीतर त्याने कायदा मोडल्याचं सिद्ध करायचं.

मेणबत्तीचा मोर्चा त्यानंतरचा. २००२ साली अमेरिकी लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या, चालक सुटले, आणि लोक संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन जमले. सूर्यास्तानंतरच्या निदर्शनांवर कायद्याने बंदी होती. शोकसभा किंवा सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की पळवाट निघे. २००८ साली अमेरिकी गोमांसाच्या आयातीविरुद्ध झालेल्या आंदोलनानंतर घटना न्यायालयाने ती बंदी दोन टप्प्यांत सैल केली.

आणि मधलं २००४. रो मू-ह्युन यांनी आपल्या बाजूच्या पक्षाला उघड पाठिंबा दर्शवला म्हणून विरोधकांनी १९३ विरुद्ध २ मतांनी त्यांच्यावर महाभियोग चालवला. लोकांना तो कट वाटला. लोक मेणबत्त्या घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने उभे राहिले, महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १५२ जागा दिल्या, आणि मे महिन्यात न्यायालयाने महाभियोग फेटाळला. पार्क ग्युन-हे त्या वेळी महाभियोग आणणाऱ्या पक्षात होत्या, आणि लवकरच त्याच्या प्रमुख झाल्या.

म्हणूनच २०१६ साली विरोधी पक्ष महाभियोग आणायला कचरत होते. गर्दी त्यांच्या पुढे होती. २९ ऑक्टोबरला हजारो लोक, १२ नोव्हेंबरला आयोजकांच्या मते दहा लाख. पोलीस मोर्चाला अडवत, आयोजक कोर्टात जात, आणि दर आठवड्याला न्यायाधीश त्यांना ब्लू हाऊसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष भवनाच्या, थोडं आणखी जवळ जाऊ देत. ३ डिसेंबरला अंतर शंभर मीटरवर आलं. वारा आला की मेणबत्त्या विझतात, असं एक सत्ताधारी खासदार म्हणाला तेव्हा लोक बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन आले. पार्क यांनी २९ नोव्हेंबरला पायउतार होण्याचा मुद्दा संसदेवर सोडला आणि त्यांच्या पक्षातले बंडखोर गळपटले, ठराव लांबला. त्यावरचं लोकांचं उत्तर म्हणजे ३ डिसेंबर: आयोजकांच्या मोजणीनुसार देशभरात २३ लाखांहून जास्त लोक. ९ डिसेंबरला ठराव २३४ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाला. विरोधक आणि अपक्ष मिळून १७२ होते; सत्ताधाऱ्यांतल्या साठेक खासदारांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मत दिलं.

१० मार्च २०१७ला आठही न्यायमूर्तींनी (नववी जागा रिकामी होती) एकमताने पार्क यांना पदावरून दूर केलं. निकाल लोकभावनेवर नव्हता, हे नोंदवायला हवं. सेवॉलचा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. कर्तव्यात कसूर किंवा कामचुकारपणा हा महाभियोगाचा आधार होत नाही असं सांगितलं. पदच्युती झाली ती सत्ता एका खासगी व्यक्तीच्या फायद्यासाठी वापरून ती गोष्ट लपवल्याबद्दल आणि तपासाला सहकार्य न केल्याबद्दल. ज्या घटनेने लोकांचा राग पेटला ती निकालपत्रात कायद्याबाहेर राहिली, आणि दानवॉनच्या आईबापांना न्यायालयासमोर रडू आलं ते निव्वळ आनंदाचं नव्हतं.

त्याच रस्त्यावर राष्ट्रध्वज घेऊन जमलेले, बहुतेक म्हातारे, पार्क-समर्थकही होते. त्यांच्या लेखी पार्क म्हणजे भुकेल्या देशाला पोटभर जेवू घालणाऱ्याची मुलगी. निकालाच्या दिवशी त्यांच्या गोंधळात माणसं दगावली. हा गट नंतर विरला नाही.

जुलै २०१८ मध्ये आणखी एक कागद बाहेर आला. महाभियोग फेटाळला गेला असता तर मार्शल लॉ कसा लावायचा, रणगाडे आणि तुकड्या कुठे न्यायच्या, याचा आराखडा लष्कराच्या सुरक्षा विभागाने मार्च २०१७ मध्ये तयार ठेवला होता. पार्क यांना एकूण बावीस वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी ती माफ केली. त्यांच्या प्रकरणाच्या विशेष तपास पथकात ज्यांनी नाव कमावलं ते सरकारी वकील यून सुक-योल पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ३ डिसेंबर २०२४च्या रात्री त्यांनी खरोखरच मार्शल लॉ जाहीर केला. या वेळी खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत पोचले, काही तासांत तो रद्द झाला, अकरा दिवसांत २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२५ला घटना न्यायालयाने पुन्हा एकमताने पदच्युतीचा निकाल दिला. मोर्चात मेणबत्त्यांच्या जागी बहुतेक पोरींच्या हातात पॉप गटांच्या चाहत्यांचे दिवे होते.