घड्याळ लावून लिहिलेल्या निबंधाची पार्श्वभूमी

कोकणातील शाळांमध्ये पावसाळ्यातल्या घटक चाचणीला वर्गात निबंध लिहायला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर पत्रा असेल, तर सरींच्या माऱ्यात पर्यवेक्षकांची ‘शेवटची दहा मिनिटे’ ही सूचनाही मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. या मुलांकडून आपण जे मागतो, ते मराठी निबंधाच्या परंपरेतून आलेले नसून परीक्षेच्या परंपरेतून आले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

निबंध म्हणजे नीट बांधलेले लेखन. संस्कृतात धर्मशास्त्रावरील विखुरलेली वचने एकत्र आणून निर्णय देणाऱ्या ग्रंथांना हे नाव होते. 1790 च्या सुमारास काशीनाथ उपाध्याय यांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हा त्याच जातीचा ग्रंथ. मराठीत निबंधाला आजचे रूप दिले ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने. 1874 मध्ये सुरू झालेल्या या मासिकात एकेक विषय कित्येक अंक चाले, आणि शास्त्रीबुवांची रत्नागिरीच्या सरकारी शाळेत बदली झाली तेव्हाही माला थांबली नाही. विषयाला लागेल तितका वेळ देणे हाच या लेखनाचा धर्म होता.

घड्याळ आले ते दुसऱ्या वाटेने. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षर गिरवले जाई, पाढे आणि परवचा तोंडी म्हणून घेतला जाई. ठरावीक वेळात स्वतःचे विचार कागदावर मांडण्याचा प्रश्नच नव्हता. 1853 च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा मुलकी नेमणुका वाटण्याचा अधिकार गेला, मेकॉले समितीने 1854 मध्ये स्पर्धा परीक्षेची योजना मांडली आणि 1855 मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. वशिल्याऐवजी गुणवत्ता, हा त्यामागचा हेतू मला आजही मोलाचा वाटतो. मात्र अनोळखी उमेदवारांची तुलना करायची तर सर्वांना तोच प्रश्न आणि तेवढाच वेळ देणे भाग होते. 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होते. 1859 पासून मॅट्रिक सुरू झाली आणि माध्यमिक शाळांचे शिक्षण तिच्याभोवती फिरू लागले. मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 मधील पहिल्या पदवीधरांपैकी एक होते.

मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, 1975 पासून ती दहावीची झाली. निबंधाची रीत मात्र तीच राहिली. आज मराठी प्रथम भाषेची लेखी परीक्षा 80 गुणांची आणि तीन तासांची असते, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे, आणि आठ गुणांच्या लेखनाला अठरा. एवढ्यात मुद्दे सुचायचे, त्यांचा क्रम लावायचा आणि शुद्ध लिहायचे. मूल पाठ केलेला निबंध उतरवते, तेव्हा त्यात आळसापेक्षा या हिशेबाचा वाटा मोठा असतो.

त्यात बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बहुधा शिमग्याच्या दिवसांत येते. पालखी वाडीत आलेली असते, रात्री उशिरापर्यंत ढोल वाजत असतात, मुंबईकर घरी उतरलेले असतात, आणि मूल सकाळी केंद्रावर जाते. 2023 पासून मंडळाने पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, आणि अपुरा राहिलेला शेवटचा परिच्छेद लिहून काढायला ती खरोखरच उपयोगी पडतात. पण लिहिण्यापूर्वी कच्चा आराखडा करायला पेपरच्या सुरुवातीला वेगळा वेळ अजूनही मिळत नाही.